शेपटीवरची रेघ

हँगरमध्ये आमच्या ह्यांना सगळे शेपूटमास्तर म्हणायचे. हसू नका, मीही आधी चिडलेच होते. आपल्या नवऱ्याला कोणी शेपूट म्हटलेलं कुठल्या बाईला आवडेल? पण नाव काही चुकीचं नव्हतं. हेलिकॉप्टरचं इंजिन बघणारी माणसं वेगळी, वायरिंगची वेगळी, आणि मागची लांब शेपटी, तिच्या टोकाला बाजूला फिरणारा छोटा पंखा, हे सगळं ह्यांचं. लोकांना वाटतं वरचा मोठा पंखा म्हणजेच काय ते हेलिकॉप्टर, मागचा आपला शोभेला. हे सांगायचे, मागचा बंद पडला की अख्खं हेलिकॉप्टर स्वतःभोवती गरगरत खाली येतं, मग वरचा कितीही मोठा असो. असलं काही नेमकं जेवताना सांगायचे. माझा घास घशात अडकायचा, ह्यांचा नाही.

माणूस कसा म्हणाल, तर बघणारा. बोलायचे कमी, बघायचे फार. दुकानात साधा चहाचा कप घ्यायचा तर उजेडाकडे धरून चारी बाजूंनी फिरवायचे. दुकानदार वैतागायचा, मी लाजेने मेल्याहून मेल्यासारखी व्हायचे. कोणाकडे गेलो तर खुर्चीवर बसायच्या आधी तिचे पाय बघायचे. एकदा पाहुण्यांसमोर माझ्या नव्या काचेच्या बरणीवरून नख फिरवलं आणि म्हणाले, ही जाणार. आठवड्याच्या आत गेलीच मेली. मी म्हटलं, तुमचीच दृष्ट लागली. त्यावर मात्र हसले होते.

आणि जे दिसेल तेच बोलायचे. आहे तर आहे, नाही तर नाही. 'असेल', 'वाटतं', 'बहुतेक' हे शब्द आमच्या घरात मीच वापरायचे. नवीन कपडे घालून मी कशी दिसते असं विचारायची सोय नव्हती, कारण खरं उत्तर यायचं. नाकासमोर चालणारा माणूस, असं लोक कौतुकाने म्हणतात. त्यांना म्हणावं, असल्या माणसाबरोबर संसार करून बघा, मग बोला.

ह्यांना वाढवलं ते ह्यांच्या मोठ्या बहिणीने, माझ्या वन्संनी. आई लवकर गेली होती, वडील कायम फिरतीवर. वन्संनी स्वतः शाळा सोडली आणि भावाला शाळेत घातलं. मला सासू नव्हती, पण ती उणीव वन्संनी पुरेपूर भरून काढली. माझा भात त्यांना कधी मऊ वाटला नाही, माझी झाडलोट कधी पुरी वाटली नाही. पण माझं ऑपरेशन झालं तेव्हा हीच बाई माझ्या उशाशी बसून राहिली आणि वर म्हणाली, तू मेलीस तर माझ्या भावाला सांभाळायला मला यावं लागेल, म्हणून बसलेय. आमचं प्रेम हे असं होतं.

वन्संना दिलं होतं समोरच्या बेटावर. त्यांचे यजमान, ज्यांना आम्ही दोघंही दाजी म्हणतो, ते बेटाच्या धक्क्यावर बोटीची तिकिटं द्यायचे. मूलबाळ नाही. दाजींना एकच व्यसन, गोष्टी सांगण्याचं. खिडकीत तिकीट घ्यायला आलेल्या माणसालाही गोष्ट ऐकवल्याशिवाय सोडायचे नाहीत, आणि रांगेतली माणसं आरडाओरडा करायची. एकच गोष्ट दहादा सांगायचे, आणि वन्सं आतून ओरडायच्या, अहो, ती ऐकलीय त्यांनी.

बेट तसं लांब नाही, पण बोटीला अर्धा दिवस लागतो, आणि वाऱ्याचे दिवस सुरू झाले की बोटी बंद. तिथं एक छोटा दवाखाना आहे, एक नर्स असते, डॉक्टर कधीमधी येतो. म्हणून तर हे हेलिकॉप्टर. कोणाचं पोट फाटेस्तोवर दुखायला लागलं, कोणाचं बाळंतपण अडलं, की नर्सने फोन करायचा आणि ह्यांच्या कंपनीचं हेलिकॉप्टर जाऊन माणूस उचलून शहरातल्या मोठ्या दवाखान्यात आणायचं. सगळ्या बेटांसाठी मिळून ते एकच.

वन्संचं हृदय कमजोर झालंय असं कळलं तेव्हा डॉक्टरांनी बजावलं होतं, पुढच्या वेळी छातीतली कळ हातात उतरली की वाट बघू नका, हेलिकॉप्टर बोलवा. आम्ही म्हटलं, शहरात या, आमच्याकडे राहा. तर म्हणे, तुझ्या बायकोच्या हातचा भात खाण्यापेक्षा हृदय परवडलं. तेव्हापासून हे त्या शेपटीवर डोळ्यात तेल घालून काम करायचे. आधीही करायचेच, पण आता ते नुसतं कंपनीचं मशीन उरलं नव्हतं. ताईला आणायला हेच मशीन जाणार, असं मला एकदोनदा बोललेही.

अशात विमान खात्याचा तो हुकूम आला. दूर कुठल्या तरी देशात ह्याच जातीच्या एका हेलिकॉप्टरच्या शेपटीच्या पंख्याला, पातं जिथे मधल्या गोळ्याला जोडतात त्या बुडाशी, चीर सापडली होती. मग जगभर फर्मान निघालं. असलं हेलिकॉप्टर ज्याच्याकडे असेल त्याने पात्याच्या बुडाजवळचा पट्टा तपासायचा, तपासल्याशिवाय अमुक तासांच्या पुढे उडवायचं नाही. आणि चीर दिसली तर पातं बदलायचं, बदलल्याशिवाय जमिनीवरून उचलायचंसुद्धा नाही. ह्यात घासाघीस नाही. साहेब असो की मंत्री, कोणी म्हणून 'एवढी एक फेरी होऊ द्या' म्हणायचं नाही.

तपासायची रीत हे मला इतक्यांदा समजावून बसले होते की मीही करू शकले असते. आधी त्या पट्ट्यावरचा रंग काढायचा. मग लाल औषध लावून थांबायचं, म्हणजे ते असेल त्या चिरेत मुरतं. मग वरचं सगळं पुसून काढायचं आणि पांढरी भुकटी फवारायची. चीर असेल तर आत मुरलेलं लाल हळूहळू वर येतं आणि पांढऱ्यावर रेघ उमटते. एक पथ्य मात्र कडक. रंग काढताना रंग उतरवायचं औषध आणि प्लॅस्टिकची पट्टी एवढंच वापरायचं. पोलादी हत्यार त्या धातूला लावायचं नाही.

वाऱ्याचे दिवस तोंडावर आले होते. एकदा बोटी बंद झाल्या की बेटांवरच्या लोकांना हेलिकॉप्टरशिवाय दुसरा आधार नाही, म्हणून हे म्हणाले, आजच उरकतो, उद्या सकाळी मशीन तयार पाहिजे. इतकी वर्षं कधी घाई न केलेल्या माणसाने त्या दिवशी घाई केली. कशासाठी केली ते तुम्हीच बघा.

लाल रेघ उमटली. ह्यांनी धुऊन पुसून पुन्हा पहिल्यापासून सगळं केलं. पुन्हा तिथेच उमटली. साहेबांना बोलावलं, त्यांनी भिंगातून बघितलं आणि मान हलवली. पातं उतरवलं. नवं मागवलं, तर तिकडून उत्तर आलं की हुकूम सगळ्यांनाच गेलाय, सगळेच मागतायत, रांगेत थांबा. हेलिकॉप्टर हँगरमध्ये शेपटी उघडी टाकून उभं राहिलं.

त्या संध्याकाळी हे घरी आले ते खुशीत होते, हे मी सांगितलंच पाहिजे. म्हणाले, सापडली. एखादा माणूस वाचवल्यावर होतो तसा चेहरा होता. आणि का नसावा? ती चीर न दिसता सुटली असती तर आज ना उद्या पायलटसकट सगळे समुद्रात गेले असते. मग त्यांनी बहिणीला फोन केला, की मशीन उभं आहे, काही दिवस जपून राहा, जिने चढू नकोस. वन्सं काय म्हणाल्या असतील? म्हणाल्या, मी काय तुझ्या हेलिकॉप्टरच्या भरवशावर जगते? फोन ठेव, बिल वाढतं.

वारा सुटला, बोटी बंद झाल्या, आणि मग एका सकाळी बेटावरच्या नर्सचा फोन हँगरमध्ये आला. बाई पेशंट, छातीत कळ, हात दुखतोय, हेलिकॉप्टर पाठवा. साहेबांनी सांगितलं, उभं आहे. मग पेशंटचं नाव विचारलं आणि नाव ऐकून ते ह्यांच्याकडे बघत राहिले.

दुसऱ्या कंपनीला विचारलं, तर त्यांचंही त्याच हुकुमाने उभं. लष्कराकडे विचारलं, ते म्हणाले बघतो. काढलेलं पातं अजून हँगरमध्येच होतं, बनवणाऱ्यांकडे पाठवायला खोक्यात घालून ठेवलेलं. पुढचं मला पायलटने नंतर सांगितलं. तो पोरगेलाच, घरी तान्हं मूल. तोच पुढे झाला आणि म्हणाला, मास्तर, ते जुनंच बसवा, तुम्हाला फार वेळ लागणार नाही, मी एकदाच जाऊन येतो, जरा बेताने उडवतो. साहेबांनी खिडकीकडे तोंड केलं. म्हणजे 'हो' म्हटल्याचं पाप नको आणि 'नाही' म्हटल्याचंही नको. मोठी माणसं असं बरोबर करतात.

हे खोक्याजवळ जाऊन उभे राहिले. हात लावला नाही. मग पायलटला म्हणाले, "माझी बहीण आहे म्हणून तुला मारू का मी? नाही बसवणार."

आणि फोनही ह्यांनीच केला. दाजींना सांगितलं की पात्याला चीर आहे, हेलिकॉप्टर येणार नाही, बोटीचं बघा. दाजींनी तो फोन कानाला लावूनच वन्संना सांगितलं. वन्संना वेदना होत होत्या, पण शुद्ध होती. त्या म्हणाल्या, "त्याने बघितलंय ना? मग आहे चीर. नको त्या पोराला पाठवायला." हे ह्यांनी स्वतःच्या कानाने फोनवर ऐकलं.

एक मच्छीमार बोट काढायला तयार झाला. वन्संना धक्क्यावर आणलं. वारा जरा पडायची वाट बघत त्यांना तिकीटघरात बाकावर निजवलं, त्याच खोलीत जिथे दाजींनी सगळी नोकरी काढली. वारा दुपारी पडला. त्याआधीच वन्सं गेल्या.

नंतरचे दिवस कसे गेले ते मी सांगत नाही, ज्याचं जातं त्यालाच कळतं. मला एवढं कळलं की टोमणे मारणारं माणूस गेलं की घर मुकं होतं. भात करायला घेतला की हात थांबायचा. हे मात्र ताठ होते. रडले, पण ताठ होते. पायलटची बायको मूल कडेवर घेऊन घरी आली, ह्यांचे दोन्ही हात धरून बसली. कंपनीत साहेबांनी सगळ्यांसमोर ह्यांचं नाव घेतलं. आणि दाजी! दाजींनी तर ही गोष्ट उचलूनच धरली. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचे. सख्खी बहीण तळमळत होती, पण ह्याने खोक्याला हात लावला नाही. आणि ही काय म्हणाली माहितीये? म्हणाली, त्याने बघितलंय ना, मग आहे चीर. शेवटपर्यंत भावावर भरवसा. सांगताना दाजींचा आवाज भरून यायचा, पण सांगून झालं की त्यांना दोन घास जायचे. आता आतून 'ऐकलीय त्यांनी' म्हणणारं कोणी नव्हतं, म्हणून कितीदाही सांगायचे. खरं सांगते, त्या एका गोष्टीवर तो माणूस उभा होता. ती काढून घेतली असती तर तिथल्या तिथे बसला असता.

मग ते पातं तपासून झाल्याचं उत्तर आलं. बनवणाऱ्यांनी ते कापून, आतून बाहेरून बघितलं होतं. साहेबांनी ह्यांना केबिनमध्ये बोलावलं आणि चहा मागवला. तिथेच ह्यांना शंका आली, कारण साहेब कोणासाठी चहा मागवणारे नव्हेत. साहेब म्हणाले, चीर नव्हती. धातू धडधाकट होता. वरवरचा ओरखडा होता, ताजा, धारदार पोलादी हत्याराचा. लाल औषध त्या ओरखड्यात बसलं, म्हणून रेघ उमटली. दोन्ही वेळा तीच उमटणार. मग घाईघाईने म्हणाले, पण तुमची काही चूक नाही, रेघ दिसली की पातं काढायचं हाच नियम, तुम्ही नियमानेच वागलात.

ह्यांनी चहा पिऊन टाकला. म्हणाले, पिताना आठवलं. पात्याच्या बुडाशी जिथे धातू वळतो, त्या खोबणीत प्लॅस्टिकची पट्टी पोचत नव्हती. रंग निघेना. ह्यांच्याकडे एक पातळ पोलादी पट्टी होती, जुन्या करवतीच्या पात्याची घासून घरी केलेली, दुसरीकडचा वाळका डिंक खरवडायला. ती घेतली. एवढ्या कोपऱ्यापुरती. दोनतीनदा ओढली असेल. रंग निघाला, पट्टी खिशात गेली, आणि ते विसरूनही गेले. जो माणूस सगळ्या जगाच्या खुर्च्यांचे पाय बघायचा, त्याने स्वतःचा हात काय करतोय ते बघितलं नाही.

जागेवर जाऊन ती पट्टी आणली आणि साहेबांच्या टेबलावर ठेवली. सांगितलं, हे हत्यार, आणि हात माझा. साहेबांनी तिच्याकडे बघितलं, ड्रॉवर ओढला, पट्टी आत टाकली आणि ड्रॉवर लावला. म्हणाले, असं थोडंफार सगळेच करतात, पुढच्या महिन्यात ट्रेनिंगला बसा, झालं. ह्यांनी विचारलं, एवढंच? साहेब म्हणाले, मग काय फासावर देऊ? जा घरी.

दुपारचेच घरी आले. मी धुणं वाळत घालत होते. मोरीत जाऊन हात धूत उभे राहिले, नळ चालूच. मी ओरडले, पाणी वाया जातंय, तेव्हा बाहेर आले आणि तिथेच, ओल्या कपड्यांच्या बादलीशेजारी, सगळं सांगितलं. शेवटी म्हणाले, "ते उडलं असतं. पायलट म्हणाला तसं दुपारच्या आत जाऊन आलं असतं."

मला राग आला. पण काढू कोणावर? साहेबांवर, ज्यांनी खिडकीकडे तोंड केलं? की त्या प्लॅस्टिकच्या पट्टीवर, जी कोपऱ्यात पोचत नाही हे फर्मान काढणाऱ्यांना ठाऊक नव्हतं? ह्यांच्यावर काढावा तर हे समोर असे उभे, की चापट मारली तरी कळायची नाही. मी बादली उचलली आणि उरलेले कपडे वाळत घातले. काहीतरी करायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी तपासणीचं काम सोडलं. आता हँगरच्या हत्यारखान्याच्या खिडकीत बसतात, पाना द्या, पाना घ्या. कोणी पाना परत केला की बघतही नाहीत, तसाच खुंटीला लावतात. रात्री झोपतात की नाही ते मी विचारत नाही. घरात कप फुटला तर आता मीच उचलते.

मग एक दिवस म्हणाले, "दाजींना सांगायला पाहिजे."

मी म्हटलं, "कशाला? तुमच्या मनावरचा धोंडा उचलून त्यांच्या छातीवर ठेवायला? तो म्हातारा त्या एका गोष्टीवर जगतोय. ती तरी राहू द्या त्याला."

"ती खरी नाही."

"नसू दे. खऱ्याने पोट भरतंय का त्यांचं?"

आमचं असं पुष्कळ दिवस चाललं. मी रडून बघितलं, अबोला धरून बघितलं, वन्संची शपथ घालून बघितली. पण ह्यांना खोटं सोसत नाही, कधी सोसलंच नाही. दाजी फोनवर लोकांना सांगायचे, मध्येच ह्यांनाही लाइनवर घ्यायचे, आणि हे फोन ठेवून भिंतीला टेकून बसायचे. शेवटी मीच म्हटलं, चला. एकटं पाठवायची माझी छाती नव्हती.

बोटी सुरू झाल्या होत्या. दाजींचं घर धक्क्यापासून चढावर, दोन खोल्या. दारातूनच कळलं की घरात बाई नाही. फडताळातल्या प्रत्येक डब्यावर कागद चिकटवलेला. साखर, मीठ, डाळ. वन्संना हात लावल्या लावल्या कळायचं, दाजींना उघडून बघावं लागायचं, म्हणून चिकटवले म्हणे. एका डब्यावर नुसतं 'माहीत नाही' असं लिहिलं होतं. आम्हाला बघून इतका आनंद झाला त्यांना. स्वतः चहा केला, मला उठू दिलं नाही. चहा पांचट होता, मी चांगला झालाय म्हटलं.

ह्यांनी कप खाली ठेवला आणि सांगायला सुरुवात केली. काही गाळलं नाही. पट्टी, कोपरा, ओरखडा, बनवणाऱ्यांचं उत्तर. दाजी शर्टाला बटण लावत बसले होते, सुई तशीच हातात राहिली.

"म्हणजे चीर नव्हती," दाजी म्हणाले.

"नव्हती."

"म्हणजे ते आलं असतं."

"हो. ताई वाचली असती, दाजी. माझ्या हातून झालं हे."

मला वाटलं आता ते ओरडतील, आम्हाला हाकलून देतील. देवाशपथ सांगते, मी त्याचीच वाट बघत होते. हेही बघत होते. साहेबांनी शिक्षा दिली नाही, ती इथे तरी मिळेल म्हणूनच तर आले होते. पण दाजी बटणाकडे बघत राहिले. टाका घातला, पुन्हा एक घातला, दोरा दाताने तोडला.

"चीर होती," ते म्हणाले.

"दाजी, मी सांगतोय ना..."

"अरे, मी तिला सांगितलं होतं की चीर आहे. तिला श्वास घेता येत नव्हता, आणि मी तिच्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं, चीर आहे. ती म्हणाली, मग नको. तुला काय वाटतं, मी तिला खोटं सांगून पाठवलं?" त्यांचा आवाज चढला नाही. "ती समजून गेली. चीर होती म्हणून गेली. त्या कापणाऱ्यांना काय कळतंय? तूच दोनदा बघितलंस. चीर होती."

दाजी उठले, आम्हाला आणखी चहा करतो म्हणून साखरेचा डबा शोधायला लागले.

तेवढ्यात दारात नर्सबाई आल्या. जुन्या बाईंची बदली झाली होती, ह्या नव्या होत्या, दाजींचा रक्तदाब बघायला दर आठवड्याला येणाऱ्या. दाजींनी ओळख करून दिली, हा माझा मेहुणा, तुम्हाला सांगितलं ना, तो. आणि बाईंनी दंडाला पट्टा गुंडाळला तरी दाजी पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागले. हँगर, खोकं, पायलट, तिकीटघरातला बाक. बाई म्हणाल्या, बोलू नका, आकडा चुकतो. ते बोलतच राहिले.

बाईंनी पट्टा सोडला. ह्यांच्याकडे आदराने बघितलं आणि विचारायचं म्हणून विचारलं, "केवढी होती हो चीर?"

दाजी बोलायचे थांबले. त्यांनी ह्यांच्याकडे बघितलं. त्या बघण्यात दटावणी नव्हती, हात जोडल्यासारखं होतं ते. मी फडताळाकडे तोंड केलं. मला वाटलं, आता हा माणूस 'नव्हती' म्हणणार, आणि माझ्याने ते ऐकवणार नाही. पण आवाज येईना, म्हणून मी वळून बघितलं.

ह्यांनी उजवा हात वर केला होता. अंगठा आणि बोट यांच्यामध्ये नखाएवढं अंतर धरलं होतं. मग दाजींच्या चेहऱ्याकडे बघत ते अंतर त्यांनी जरासं वाढवलं.

"एवढी," म्हणाले.